सकाळी सहाचा प्रभाग

१५ डिसेंबर २०२५, सोमवार

अखेर निवडणूक लागली. राज्यातल्या २९ महापालिकांचं मतदान १५ जानेवारीला, मोजणी दुसऱ्या दिवशी. नाशिकसाठी याआधीचं मतदान २१ फेब्रुवारी २०१७ला झालं होतं. त्या नगरसेवकांची मुदत मार्च २०२२मध्ये संपली आणि तेव्हापासून प्रशासकच कारभार बघतात. म्हणजे पावणेचार वर्षं आमच्या इंदिरानगरात नाव घेऊन जाब विचारावा असा माणूसच नव्हता.

संध्याकाळी जॉगिंग ट्रॅकवर आमची कुत्रेवाल्यांची मंडळी जमली होती. लॅब्रेडॉरवाले काका म्हणाले, ‘‘या वेळी आपण सगळ्यांनी मिळून ठरवायचं. जो आपल्याला डॉग पार्क देईल, त्यालाच मतं.’’ सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. घरी येईपर्यंत मात्र ते मनाला पटेनासं झालं. का, ते अजून नीट सांगता येत नाही.

१८ डिसेंबर, गुरुवार

हात अजून थरथरतोय, पण लिहून ठेवते.

आमच्या सोसायटीत जिने झाडायला येणाऱ्या ताईंचा मुलगा. सात वर्षांचा. साडेचारच्या सुमारास कोंबडीच्या दुकानांमागच्या मोकळ्या प्लॉटवरून येत होता, कुत्रीने पोटरी धरली. ताई त्याला उचलून थेट माझ्या दारात. ‘‘मॅडम, तुमच्याकडे कुत्रा आहे, तुम्हाला माहीत असेल काय करायचं.’’

एवढं माहीत होतं. मोरीत नळाखाली पाय धरला आणि घड्याळ लावून पंधरा मिनिटं साबणाने धुतला. हळद लावू दिली नाही, चुना लावू दिला नाही, पट्टी बांधू दिली नाही. चार दात उमटले होते, दोन ठिकाणी रक्त आलं होतं. रक्त आलं की नुसती लस पुरत नाही, जखमेच्या कडेने सीरमही टोचावं लागतं. पहिल्या दवाखान्यात लस होती, सीरम नव्हतं. दुसरीकडे जा म्हणाले. रिक्षाने दुसरीकडे. तिथे मिळालं. जखमेभोवती सुई जात होती तेव्हा पोराने माझ्या ओढणीचं टोक दातांत धरलं होतं. मग दोन्ही दंडांत लस.

सिस्टरने कार्डावर तारखा घातल्या: आज, मग तिसरा दिवस, सातवा, अठ्ठाविसावा. म्हणजे २१ डिसेंबर, २५ डिसेंबर, १५ जानेवारी. ताईंनी कार्ड हातात घेऊन बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, ‘‘रविवार, नाताळ आणि मतदान. तीनही दिवस सुटी. दवाखाना उघडा असतो का?’’

मला हे सुचलंच नव्हतं.

आता रात्रीचे अकरा. ती कुत्री मला माहीत आहे. तांबूस, शेपटीचं टोक पांढरं. दुकानामागच्या पत्र्याखाली तिची पाच पिल्लं आहेत, अजून डोळे नीट उघडलेले नाहीत. तिच्या दोन्ही कानांना खाच नाही, म्हणजे निर्बीजीकरण झालेलं नाही. दिवाळीनंतर तिचं पोट सुटलेलं मी रोज पाहत होते. माझ्या कुत्र्याला, चिकूला घेऊन तिला वळसा घालून जायचे. कुठे कळवलं नाही, कुणाला सांगितलं नाही.

२१ डिसेंबर, रविवार

दुसरा डोस झाला. बाह्यरुग्ण विभाग बंद, अपघात विभागात द्यावा लागला. तासभर बसलो. ताईंचा अर्ध्या दिवसाचा पगार गेला.

२४ डिसेंबर, बुधवार

तीन दिवस पहाटे आणि रात्री चिकूबरोबर फिरताना वही घेऊन निघते आहे. आमच्या गल्लीपासून ट्रॅकच्या फाटकापर्यंत आणि तिथून वडाळा-पाथर्डी रस्त्यापर्यंत. २३ कुत्री. पैकी ९ जणांच्या कानाला खाच. राहिलेल्या चौदांत सात माद्या, त्यातल्या दोन गाभण.

ही खाच इंग्रजी व्ही अक्षरासारखी असते. शस्त्रक्रियेच्या वेळी भूल असतानाच कापतात, म्हणजे तेच कुत्रं पुन्हा पकडलं जाऊ नये. २०२३च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांप्रमाणे कुत्रं पकडायचं, शस्त्रक्रिया करायची, रेबीजची लस टोचायची आणि जखम भरली की जिथून उचललं तिथेच आणून सोडायचं. हे ‘तिथेच’ लोकांना पटत नाही. मलाही पूर्वी पटत नसे. पण गल्ली रिकामी झाली आणि खरकटं तसंच राहिलं, की आठ दिवसांत शेजारच्या भागातली कुत्री येऊन बसतात. नवी, बिनलसीची, एकमेकांशी भांडणारी. जुनी नसबंदी झालेली कुत्री जागा धरून असतात आणि बाहेरच्यांना आत येऊ देत नाहीत.

मादीला वर्षाला दोन वेतं होऊ शकतात. दिवस राहिल्यापासून दोन महिन्यांत पिल्लं. म्हणून काम अर्धवट केलं तर केल्यासारखं होतच नाही. दहांतल्या सातांना तरी एका दमात लस आणि नसबंदी व्हावी लागते, असं सगळे जाणकार सांगतात. रेबीज थोपवायला सत्तर टक्के कुत्र्यांना लस हवी, हाच जागतिक आरोग्य संघटनेचाही हिशोब. गोव्याने ते करून दाखवलं. दारोदार जाऊन, जाळी घेऊन, वर्षामागून वर्ष लस टोचली, आणि २०२१मध्ये राज्य रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं. गोवा आपल्या शेजारचाच. कुत्री तशीच, कोळीवाडे तसेच, बाजार तसेच.

आमच्या तेवीसांत नऊ.

वही चाळताना वाटलं, हे सगळं मला कशामुळे दिसलं? चिकूमुळे. पहाटे सहाला आणि रात्री दहाला रोज त्याच रस्त्याने जाणारी माणसं कोण? दूधवाले, पेपरवाले, झाडूवाल्या मावश्या आणि आम्ही. कुठला खांब बंद, कुठल्या कोपऱ्यावर घंटागाडी गेल्यावर कचरा पडतो, कोण रात्री साडेअकराला कोंबडीच्या पिसांची पिशवी रिकामी करतो, हे आम्हाला पाठ असतं. मत द्यायचं ते या माहितीवर. कुत्रं आवडतं की नाही, यावर नाही.

२८ डिसेंबर, रविवार

ट्रॅकवर वाद झाला. लिहिताना बरं वाटत नाही, पण झाला.

मी म्हटलं, डॉग पार्क मागू नये. पोमेरेनियनवाली मुलगी म्हणाली, ‘‘का नको, मावशी? मुंबई-पुण्यात आहेत. आपण घरपट्टी भरत नाही का?’’ तिचं चूक नाही. मोकळं सोडून पळवायला नाशकात जागा उरलेली नाही, हे खरंच. पण तारेच्या कुंपणात आपली कुत्री खेळतील आणि कुंपणाबाहेर ती तांबडी कुत्री पुन्हा विणार. तिची पिल्लं आपल्याच कुत्र्यांच्या अंगावर येणार, आपण काठी उगारणार. आणि ताई आपल्याला काय म्हणतील? कुत्र्यांना बाग मिळाली, माझ्या पोराला सीरम नाही.

काका पूर्वी मुंबईत होते. त्यांनी १८३२ची गोष्ट काढली. मुंबईत उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारायला सरकारने माणसं लावली होती, कुत्र्यामागे आठ आणे. जूनमध्ये पारशी मंडळी चिडून रस्त्यावर आली, इतर समाज सामील झाले, बाजार बंद, कुलाब्याच्या पलटणीची रसद अडवली. ‘‘तेव्हा लोक कुत्र्यांसाठी उभे राहिले,’’ काका म्हणाले. मी म्हटलं, काका, ते रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठीही उभे राहिले होते, फक्त घरातल्यांसाठी नाही. काका गप्प झाले. मी जरा तोडून बोलले, असं मग वाटलं.

ठरलं काहीच नाही. पण जाताना तिघांनी वहीतली यादी मागितली.

१ जानेवारी २०२६, गुरुवार

रात्री बारा ते एक फटाके. चिकू पलंगाखाली, मी त्याच्या शेजारी जमिनीवर.

सकाळी कपाट उघडून त्याची फाइल काढली. रेबीजची लस वेळेवर आहे. महापालिकेच्या परवान्याची मुदत मात्र केव्हाच उलटून गेली होती. मला लाज वाटली. महापालिकांच्या १९४९च्या कायद्यात कुत्र्यांवरच्या कराचा स्वतंत्र उल्लेख आहे. शहरात किती पाळीव कुत्री आहेत आणि त्यांना लस दिली आहे का, हे महापालिकेला कळण्याचा मार्ग आमच्या नोंदीतूनच जातो. आम्ही नोंदच करत नाही आणि उमेदवाराला विचारणार, तुमची योजना काय? त्याने उलट विचारलं, तुमचा परवाना दाखवा, तर? ट्रॅकवरच्या नऊ जणांत दोघांकडेच चालू परवाना निघाला. ठरवलं की आधी आम्ही सगळे परवाने करून घेऊ आणि मग दारात येणाऱ्याला प्रश्न विचारू. विष्ठेसाठी जुने पेपर तर आजपासूनच बरोबर घेतले.

४ जानेवारी, रविवार

काल चिन्हं मिळाली आणि आज सकाळपासून बेल वाजतेय.

पहिले आले ते मोठ्या लवाजम्याने. चिकूला पाहताच वाकले, डोक्यावर हात फिरवला, मोबाइलमधला आपल्या रॉटवायलरचा फोटो दाखवला. ‘‘काकू, मी स्वतः श्वानप्रेमी. तुम्ही निश्चिंत राहा.’’ मी विचारलं, ‘‘भाऊ, सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्टला सांगितलं की प्रत्येक वॉर्डात मोकाट कुत्र्यांना खाऊ घालायची जागा ठरवून द्या. आपल्या प्रभागात ती कुठे असावी?’’ ते हसले. ‘‘बसून ठरवू ना.’’ मी म्हटलं, शाळेजवळ नको, बागेच्या फाटकाशी नको, मग कुठे? सोबतच्या माणसाने घड्याळ पाहिलं. जाताजाता एका कार्यकर्त्याने खिशातून पक्षाचा छोटा गमछा काढला आणि चिकूच्या गळ्यात घालायला लागला, फोटोसाठी. मी त्याचा हात धरला. प्रचारात प्राणी वापरू नका, असं केंद्रीय निवडणूक आयोगाने पूर्वीच बजावलेलं आहे. आणि आयोगाने सांगितलं नसतं तरी घालू दिला नसता. चिकूला मत नाही.

दुसऱ्यांनी दारातच सांगितलं, ‘‘महिन्याच्या आत प्रभागात एक कुत्रं दिसणार नाही, लिहून घ्या.’’ शेजारच्या काकूंनी टाळ्या वाजवल्या. त्यांना सायकलवरून दोनदा कुत्र्यांनी पाडलंय, त्यांचा राग खरा आहे. मी विचारलं, ‘‘नेणार कुठे?’’ ‘‘जंगलात सोडू.’’ नोव्हेंबरात कामगारनगर-महात्मानगरकडे बिबट्या शिरला तेव्हा अख्खं शहर दारं लावून बसलं होतं. बिबट्या शहराकडे येतो तो कुत्र्यांच्या मागावर, आणि कुत्री राहतात ती कचऱ्याच्या आधाराने. ती उचलून जंगलाच्या कडेला सोडणं बेकायदा तर आहेच, शिवाय रानातल्या जनावराला पानात वाढून बोलावण्यासारखं आहे. एवढं सगळं बोलले नाही. फक्त म्हटलं, नियमाप्रमाणे हे करता येत नाही. ते म्हणाले, ‘‘नियम आम्ही बघू.’’

तिसरी एक मुलगीच म्हणायची, पहिल्यांदाच उभी आहे. चपला दाराबाहेर काढून आत आली. मी वही पुढे केली. तिने वाचली आणि विचारलं, ‘‘ताई, कानाला खाच म्हणजे काय? मला यातलं खरंच काही माहीत नाही.’’

तिला समजावून सांगायला पाऊण तास लागला. बाहेर तिचे कार्यकर्ते ताटकळले होते.

६ जानेवारी, मंगळवार

आज उमेदवारांची शपथपत्रं पाहिली. राज्य निवडणूक आयोग ती लोकांना पाहायला ठेवतो. गुन्हे, मालमत्ता, शिक्षण, सगळं असतं. लोक गुन्ह्यांचा रकाना पाहून पान उलटतात. मी धंद्याचा रकानाही पाहिला. महापालिकेच्या ठेक्यात ज्याचा हितसंबंध असेल, तो कायद्याने नगरसेवक होऊ शकत नाही. कचरा उचलणं ठेक्याने, कुत्री पकडून नसबंदी करणंही ठेक्याने. ठेकेदाराने किती शस्त्रक्रिया दाखवल्या, त्यातली किती कुत्री त्याच गल्लीत परत आली, हे मोजायला सांगणारा नगरसेवक हवा. तो आधीच कुणाचा मिंधा असेल तर मोजायला सांगणार कसा?

८ जानेवारी, गुरुवार

दिल्लीत सर्वोच्च न्यायालयात मोकाट कुत्र्यांची सुनावणी चालू आहे. घरोघरी तीच चर्चा. ११ ऑगस्टचा सगळी कुत्री उचला हा आदेश दिल्ली आणि आसपासच्या शहरांपुरता होता, २२ ऑगस्टला तो बदलला. ७ नोव्हेंबरला शाळा, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वे स्टेशनं, क्रीडासंकुलं इथली कुत्री हलवून निवाऱ्यात ठेवा, तिथे परत सोडू नका, असं देशभरासाठी सांगितलं. लोक तिन्ही आदेश एकत्र कालवून बोलतात, आणि उमेदवार त्याचा फायदा घेतात. मला यात खटकतं ते एवढंच: निवारे बांधायचे कुठे, चालवायचे कोणी, पैसे कोणत्या शीर्षाखाली, हे कुणाच्याच पत्रकात नाही. ३१ ऑक्टोबरला कुंभाचं ध्वजारोहण. लाखोंच्या पंगती उठतील, खरकटं पडेल, कुत्री वाढतील. नसबंदीसाठी हातात हे दहा महिनेच आहेत. तपोवनातली झाडं तोडू नयेत म्हणून नाशिककर उभे राहिले, तसंच याच्यासाठीही बोलायला हवं.

१० जानेवारी, शनिवार

ती पहिल्यांदाच उभी राहिलेली मुलगी आली. पावणेसहाला, एकटी, स्वेटर आणि कानटोपी घालून. सगळ्याच उमेदवारांना मी निरोप दिला होता की शनिवारी सहाला ट्रॅकच्या फाटकाशी या, प्रभाग दाखवते. बाकीच्यांचे फोन आले, ‘‘नंतर बघू.’’

धुकं होतं. चिकू पुढे, आम्ही मागे. काकाही आले लॅब्रेडॉर घेऊन, ते मला अनपेक्षित होतं. तिला दाखवलं: हा बंद खांब, याच्याखाली रात्री टोळकं बसतं, म्हणून बाया या बाजूने येत नाहीत. हा कोपरा, घंटागाडी साडेसातला येते, पण हॉटेलवाला खरकटं पहाटे पाचलाच टाकतो, म्हणून इथे सात कुत्री. हा नाला. इथे पूर्वी लोखंडी जाळी होती. मग प्लॉट. पत्रा उचलला. पिल्लं आता बाहेर येऊन लुटूलुटू चालतात. पाचांतली तीनच राहिलीत. तांबडी गुरगुरली. आम्ही दहा पावलं मागे सरलो आणि तिथूनच बोललो. मातीवर कोंबड्यांचे पाय, आतडी, पिसं, निळ्या पिशव्या.

‘‘हे दुकानदाराला सांगायचं की महापालिकेला?’’ तिने विचारलं.

‘‘दोघांना.’’

तिने फोनवर फोटो काढले. कुत्रीचा नाही, पिशव्यांचा. मग स्वतःहून म्हणाली, खाऊ घालायची जागा नाल्याच्या पलीकडच्या भिंतीलगत करता येईल, तिकडे पोरं जात नाहीत. पहिल्यांदा कुणीतरी जागेचं नाव घेतलं. ती बरोबर आहे की नाही, ते नंतर बघता येईल.

मी तिला स्पष्ट सांगितलं: मी तुमच्याबरोबर फेरीत फिरणार नाही, पत्रकं वाटणार नाही. ही यादी सगळ्यांना दिली आहे, तुम्हालाही. निवडून आलात तर दर तीन महिन्यांनी नवी यादी घेऊन येईन. पडलात तर जो आला असेल त्याच्याकडे जाईन. ती म्हणाली, ‘‘चालेल, ताई.’’ थोड्या वेळाने म्हणाली, ‘‘पडले तरी मला यादी पाठवा.’’

१३ जानेवारी, मंगळवार. भोगी.

तीळ लावून बाजरीची भाकरी, भोगीची भाजी. साडेपाचला प्रचाराचे भोंगे थांबले. चिकू एकदाचा गाढ झोपला.

ट्रॅकवर नऊच्या नऊ आले होते. काकांनीच विषय काढला: डॉग पार्क नको, कागदावर तीनच गोष्टी लिहू. प्रभागात दहांतल्या सातांची नसबंदी आणि लस, तीही मोजून दाखवलेली. हॉटेल आणि कोंबडीच्या दुकानांचा कचरा रोज रात्रीच उचलला जावा. आणि सुटीच्या दिवशी लस-सीरम कुठे मिळेल याची पाटी प्रत्येक दवाखान्याबाहेर. मत कुणाला हे ज्याचं त्याने ठरवावं. ‘‘पॅनल टू पॅनल’’, म्हणजे चारही मतं एकाच पॅनलला, असं कुणीच म्हणालं नाही. पोमेरेनियनवालीचं पहिलंच मतदान आहे. तिने विचारलं, ‘‘चार मतं का?’’ एका प्रभागात चार जागा, अ, ब, क, ड. चारही ठिकाणी बटण दाबायचं. कुणीच पसंत नसेल तर तिथे नोटा, पण चौथं दाबल्याशिवाय मत पुरं होत नाही.

१५ जानेवारी, गुरुवार

सात चाळीसला मत दिलं. एका जागी त्या मुलीला. दुसऱ्या जागी एका माजी नगरसेवकाला. माझं त्यांच्याशी दुसऱ्या कशावरच जमत नाही, पण त्यांच्या काळात घंटागाडी वेळेवर यायची, हे मला आठवतं. तिसऱ्या जागी खूप विचार करून. चौथ्या जागी नोटा. लांब पीऽऽ वाजलं.

नऊ वाजता ताई आणि मुलगा. मी आधीच विचारून ठेवलं होतं, अपघात विभागात डोस मिळणार होता. ताईंच्या बोटाला शाई होती, पहिल्या दहांत नंबर लागला म्हणाल्या. त्यांच्या वस्तीत कालच कुणी साड्या वाटून गेलं. ‘‘साडी घेतली नाही का?’’ मी विचारलं. त्या म्हणाल्या, ‘‘मी विचारलं, दवाखान्याची पाटी लावाल का. तो पुढच्या घरी गेला.’’

सिस्टरने कार्ड मागितलं. घडी करून करून मधोमध फाटत आलं होतं. चौथ्या रकान्यात सही केली, शिक्का मारला. मुलगा या वेळी रडला नाही. सुई जाताना दुसरीकडे बघत होता, एवढंच.

संध्याकाळी चिकूला घेऊन निघाले तर समोरून ते दोघं येत होते. मी पट्टा आखूड केला आणि कडेला थांबले. चिकू बसला. मुलाने आईचा हात सोडला नाही. तो तिच्या मागून फिरून पलीकडच्या बाजूला गेला आणि तिच्या आडोशाने आम्हाला ओलांडून पुढे गेला.

उद्या मोजणी. तीन गोष्टींचा कागद पाच प्रती काढून पिशवीत ठेवला आहे, चार नगरसेवकांना आणि एक त्या उमेदवार मुलीला.